मालकिणीची माहिती उपलब्ध नाही

आईला संग्रहालय दाखवून आणायचं, एवढाच बेत होता. त्यात माझं काम काय, तर रिक्षा ठरवायची, तिकिटं काढायची आणि आईनं "हे काय आहे रे?" म्हटलं की पाटी वाचून दाखवायची. तेहेतीस वर्षं विमा कंपनीच्या दावे विभागात काढलेल्या माणसाला एवढं झेपायला हरकत नव्हती. पण निवृत्त माणसाच्या हातून साधी कामं साधेपणानं होत नाहीत, हे माझ्या बायकोचं, उत्तराचं, मत आहे. तिची बरीच मतं माझ्यावरूनच तयार झालेली आहेत.

संग्रहालय अंधेरीला. मुंबईच्या उपनगरांचा इतिहास दाखवणारं, नवंकोरं. मुलुंडहून अंधेरीला एक्क्याऐंशी वर्षांच्या आईला घेऊन जाणार, हे मी आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी चंद्रप्रकाश यांच्याजवळ बोललो ही पहिली चूक. चंद्रप्रकाश म्हणजे ज्या विषयातलं काहीच माहीत नाही त्या विषयात सर्वांत आधी बोलणारा माणूस. त्यांनी मला घडीची खुर्ची न्या, ग्लुकोज न्या, आईचं आधार कार्ड न्या, आणि आधार कार्डाची झेरॉक्सही न्या असं सांगितलं. "म्युझियमात आधार कशाला?" असं मी विचारलं. ते म्हणाले, "वैशंपायन, असू द्या. सरकारी जागा आहे." जागा सरकारी नव्हती. तरी झेरॉक्स काढली. आपला स्वभावच भित्रा.

आईचं नाव पद्मजा. गुडघे सोडले तर तिचं सगळं शाबूत आहे, आणि मोतीबिंदू काढल्यापासून नजर तर इतकी तेज झालीय की घरात सगळ्यांची पंचाईत होते. संग्रहालयात शिरल्यापासून ती प्रत्येक कपाटापुढे थांबत होती. दुधाच्या काचेच्या बाटल्या, रॉकेलचा स्टोव्ह, बसची जुनी तिकिटं, मनोरीच्या कोळ्यांची जाळी, मुलुंडात नुसती भातशेती दाखवणारा नकाशा. आणि प्रत्येक कपाटापुढे तिचं एकच वाक्य. "हे आपल्याकडे होतं. तू टाकून दिलंस." सुरुवातीला मी प्रतिवाद केला. पण दहावीस माणसं आपल्याकडे राष्ट्रीय ठेवा भंगारात घालणारा इसम म्हणून बघायला लागली की माणूस गप्प बसतो. मी पाट्या वाचायचंही सोडून दिलं.

शेवटच्या दालनाचं नाव होतं 'शेजार'. तिथं मधोमध काचेत एक भलीमोठी पितळी परात उभी करून ठेवली होती. घासून लखलखीत केलेली. आई तिच्यासमोर थांबली, पण या वेळी ते वाक्य आलं नाही. मी बघितलं तर ती वाकून काठ निरखत होती.

"विद्याधर, वाच."

मी वाचलं. "पितळी परात. अंदाजे १९६० ते ६५. शेजाऱ्यापाजाऱ्यांत भांडी उसनी देण्याघेण्याची पद्धत असल्यानं त्यांवर नाव घालून घेत. देणगी, सुशांत तेंडोलकर, मालाड. मालकिणीची माहिती उपलब्ध नाही."

"आता काठावरचं वाच."

काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं होतं, सौ. पद्मजा दे. वैशंपायन. 'दे.' म्हणजे देवव्रत, आमचे बाबा.

"उपलब्ध नाही?" आई म्हणाली. "ही काय उभी आहे मी!" आणि तिनं काचेवर थाप मारली. कुठंतरी बारीकशी शिटी वाजायला लागली आणि रखवालदार धावत आला. "आजी, काचेला हात नाय लावायचा." आई त्याला म्हणाली, "काचेला नाही लावत. काच तुमची आहे. आतलं माझं आहे."

आता थोडं सांगायलाच हवं. तेंडोलकर हे आमचे मुलुंडचे शेजारी, दाराला दार लागून. दत्ताराम तेंडोलकर गिरणीत होते, वनमालामावशी घरी. मावशी आणि आई यांच्यातलं सख्य असं की दुपारी दोन घरांची मिळून एकच झोप व्हायची. १९८६ साली तीन मुलींच्या पाठीवर त्यांना सुशांत झाला, आणि त्याच्या बारशाला घुगऱ्यांसाठी आईनं माहेरून आलेली परात दिली. ती परत आली नाही. महिन्याभरात तेंडोलकर मालाडला राहायला गेले, आणि आई त्या घराशी त्या दिवसापासून बोलली नाही. म्हणजे हे भांडण बरोबर सुशांतच्या वयाचं. फक्त त्यात एकमेकींशी कोणी काही बोललेलं नव्हतं. आईनं परात मागितली नाही. दिलेलं भांडं तोंडानं मागायचं नसतं, वाईट दिसतं, ही तिची शिकवण. न मागता अडतीस वर्षं धुसफुसत राहणं मात्र वाईट दिसत नाही. आमच्याकडे ते घरंदाजपणात मोडतं.

रखवालदारानं आम्हांला क्युरेटरबाईंकडे नेलं. शर्मिष्ठा नावाची पंचविशी-तिशीतली मुलगी, फार गोड. तिनं आईला पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि तिचे डोळेच चमकायला लागले. "आजी, म्हणजे तुम्हीच त्या! आम्ही किती शोधलं तुम्हांला!" सुशांतनं म्हणे बिल्डिंग पुनर्विकासाला जाताना माळ्यावरचं दहा-बारा नग सामान देऊन टाकलं होतं, नाव न बघता.

"सापडले ना आता? मग द्या परात."

शर्मिष्ठाचा चेहरा पडला. वस्तूला नोंद क्रमांक पडला होता. एकदा क्रमांक पडला की वस्तू बाहेर काढायला समिती बसते. समितीपुढे अर्ज लागतो. अर्जासोबत मालकीचा पुरावा लागतो.

"नाव आहे ना तिच्यावर!" आई म्हणाली.

"नाव आहे, पण त्या तुम्हीच हे..."

मी खिशातून आधार कार्डाची झेरॉक्स काढून टेबलावर ठेवली. आयुष्यात चंद्रप्रकाशचा सल्ला उपयोगी पडण्याचा तो एकमेव क्षण. पण तोही टिकला नाही. आधारवर पत्ता होता, आई होती, परात कुठं होती? "त्याच लग्नातलं, तसंच नाव घातलेलं दुसरं एखादं भांडं दाखवू शकाल का? अक्षराचं वळण जुळलं तरी चालेल," शर्मिष्ठा म्हणाली. "आणि देणगीदारांनाही बोलवावं लागेल. समोरासमोर."

तेहेतीस वर्षं मी लोकांना हेच सांगत आलो. पुरावा आणा. तुमची गाडी जळली हे दिसतंय, पण पुरावा आणा. तेव्हा समोरची माणसं माझ्याकडे ज्या नजरेनं बघायची, त्या नजरेनं आज मी एका मुलीकडे बघत होतो. फार लागलं ते मनाला. घरी येताना रिक्षात मी उत्तराला फोनवर हे सांगितलं, तर ती म्हणाली, "बरं झालं."

दुसऱ्या दिवशी सोसायटीत सगळ्यांना कळलं होतं. चंद्रप्रकाश तर सकाळीच दार वाजवून आत आले. "वैशंपायन, पोलिसांत द्या." मी म्हटलं, परातीसाठी? "मग पेपरात द्या. नाहीतर माहितीच्या अधिकारात टाका. मी मसुदा करतो." त्यांनी खरोखर दोन पानी मसुदा केला. त्यात परातीचा उल्लेख 'सदर परात' असा अकरा वेळा होता आणि माझं नाव एकदा, तेही चुकीचं. तिसऱ्या मजल्यावरच्या लोकांनी तर आईला भेटायला यायला सुरुवात केली. दोघीतिघी तिच्याजवळ बसून आपापल्या न परतलेल्या भांड्यांच्या कहाण्या सांगत. कुणाचं मोदकपात्र कांदिवलीत अडकलेलं, कुणाची खलबत्त्याची जोडी फुटून बत्ता एकाकडे नि खल एकाकडे. ज्यांची भांडी अडकली होती त्या सगळ्याजणी कुणाकडे अडकली हे पक्कं जाणून होत्या. एकीनंही मागितलं नव्हतं.

राहिला पुरावा. लग्नातली बाकी पितळ माळ्यावर होती. शिडी लावून मी चढलो. उत्तरा खाली शिडी धरून उभी, आई खुर्चीत बसून मार्गदर्शन करत होती. "मागे बघ. अगदी मागे, गोणपाटात." इथं एक कबुली देऊन टाकतो. दर दिवाळीला माळा मीच झाडतो, आणि दर दिवाळीला पुढून झाडतो. मागे हात पोचत नाही असं नाही. घालावासा वाटत नाही.

पाठीमागे गोणपाटातलं गाठोडं होतं. त्यात एक पातेलं निघालं, नाव घातलेलं, वळण जुळणारं. बरं वाटलं. त्याखाली काहीतरी गोल आणि जड होतं. मी टॉर्च मारला. परात होती. पितळी, आईच्या परातीएवढीच. काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं होतं, सौ. वनमाला दत्ताराम तेंडोलकर.

माळ्यावर माणसाला उभं राहता येत नाही, म्हणून मी होतो तसाच आडवा पडून राहिलो.

"सापडलं का रे?" आईनं खालून विचारलं.

"पातेलं सापडलं," मी म्हटलं. यात एक अक्षर खोटं नव्हतं.

आई झोपल्यावर दुपारी परात गुपचूप खाली उतरवून मी आणि उत्तरानं स्वयंपाकघराचं दार लोटून विचार केला. काय घडलं असेल ते उघड होतं. बारशाला दोन्ही घरच्या पराती घुगऱ्यांनी भरलेल्या. नंतर धुऊन परत द्यायचं काम दत्तारामकाकांनी अंगावर घेतलं असणार, कारण त्या दिवशी ते फार खुशीत होते. त्यांनी हाताला लागली ती परात उचलून आमच्या दारात आणून दिली. ती घेतली बाबांनी, आणि थेट माळ्यावर टाकली. आईला सांगितलंही नाही. त्यांच्या दृष्टीनं ती सांगण्यासारखी गोष्टच नव्हती. दोन पुरुषांनी आयुष्यात एकदा मिळून घरकामाला हात लावला, त्याचं हे फळ.

"म्हणजे चोर आपण," मी म्हणालो.

"चोर कुणीच नाही रे. पण आईंना सांगावं लागेल."

"तिला काय सांगू? अडतीस वर्षं तू जिच्या नावानं बोटं मोडतेस तिची परात तुझ्या डोक्यावर होती म्हणून? या वयात?"

मी चंद्रप्रकाशचा सल्ला घ्यायला नको होता. पण घेतला. त्यांनी परात हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि आवाज खाली आणून म्हणाले, "सिंपल. पॉलिश पेपर आणा. नाव घासून टाका." पुरावा नष्ट करण्याबद्दल मी माझ्या नोकरीत सतरा जणांचे दावे फेटाळले आहेत. त्या रात्री स्वतःच्या मनात मात्र मी पॉलिश पेपर कुठं मिळतो याचा विचार केला, हे सांगायला लाज वाटते.

समोरासमोरचा दिवस शनिवार ठरला. शुक्रवारी सुशांतचा फोन आला. "विद्यादादा, सॉरी यार, खरंच, मी नाव बघितलंच नाय. उद्या मी येतोय आणि आई पण येतेय. मी म्हटलं तू नको येऊ, तर म्हणते मीच जाणार. दोन दिवस जेवली नाय नीट." आमच्याकडेही तीच परिस्थिती होती. आईनं नवी साडी काढली होती आणि आरशासमोर ओठ हलवत होती. अडतीस वर्षांचं भाषण पाठ होत होतं.

निघताना उत्तरानं माझ्या हातात कापडी पिशवी दिली. ती फार जड होती. मी आत बघितलं. पातेलं होतं आणि पातेल्याखाली परात होती.

"मी नाही खोटं बोलून आईंना तिथं उभं करू देणार," ती म्हणाली. "वाटेत सांग. तासभर आहे तुझ्याकडे."

तासभर नाही, दीड तास मिळाला, कारण पवईला रस्ता तुंबला होता. पिशवी आईनं स्वतःच्या मांडीवर घेतली होती, पुरावा म्हणून. मी तीन वेळा "आई" म्हटलं. पहिल्यांदा तिनं पाणी दिलं. दुसऱ्यांदा आलेपाकाची वडी दिली. तिसऱ्यांदा म्हणाली, "घाबरू नकोस, बोलणार मी आहे."

वनमालामावशी आधीच येऊन बसल्या होत्या. केवढ्या वाळल्या होत्या! मी त्यांना शेवटचं बघितलं तेव्हा त्या दोन बादल्या घेऊन जिना चढायच्या. आता हातात काठी, शेजारी सुशांत. काचेतून बाहेर काढलेली आईची परात टेबलावर मऊ कापडावर ठेवली होती. शर्मिष्ठानं हातमोजे घातले होते. आईनं मावशींकडे बघितलं नाही.

"पुरावा आणलाय आम्ही," ती म्हणाली. "काढ रे."

मी पातेलं काढलं. शर्मिष्ठानं दोन्हीकडचं अक्षर भिंगानं ताडून बघितलं आणि म्हणाली, "अगदी तेच वळण आहे." आईची मान ताठ झाली. ती मावशींकडे वळली. भाषण आता सुरू होणार, तेवढ्यात मी पिशवीत हात घातला. धैर्य वगैरे काही नव्हतं त्यात. ते भाषण एकदा झालं असतं तर ते परत घेता आलं नसतं, आणि ते मला आईच्या बाबतीत बघवलं नसतं. मी परात काढून टेबलावर दुसऱ्या परातीशेजारी ठेवली.

आईनं वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं. "ही कुठं होती?"

"आपल्या माळ्यावर. मागे."

सुशांत छताकडे बघायला लागला. वनमालामावशींनी काठी खाली ठेवली, दोन्ही हातांनी ती परात जवळ ओढली आणि तिच्या काठावरून बोट फिरवलं. "माझ्या आयशीन लग्नात दिलेली ही," त्या म्हणाल्या. "माका म्हाईत होता ती तुमच्याकडे गेली ती. तुझी माझ्याकडे ऱ्हवली. मी म्हटलंय, ताय बघतली, तिका कळतला, ती बदलून घेवक येतली."

"मग मागायचीस ना गं!"

"मागूचा कसा गो? बरा दिसता काय ता? माका वाटला, तुका माझी आवडली असतली. जड आसा ना." मावशींनी मान वर केली. "तू तरी खंय मागलंस?"

आईनं टेबलाची कड धरली. मी खुर्ची पुढे केली तरी ती बसली नाही.

"दत्ताराम गेले ते मला कळलं होतं," आई म्हणाली. "त्याच दिवशी कळलं होतं. मी साडी बदलून दारापर्यंत गेले नि मागे फिरले. एका परातीसाठी, वनमाला. एका परातीसाठी मी तुझ्या नवऱ्याच्या वेळी आले नाही."

"मी दाराकडे बघीत बसलंय," मावशी म्हणाल्या. "तेरा दिवस. म्हटलंय, आता तरी ताय येतली."

मग आई बसली. मावशींच्या शेजारच्या खुर्चीत, अगदी लागून, आणि मावशींचा हात तिनं आपल्या दोन्ही हातांत धरला. दोघी रडत होत्या. शर्मिष्ठाही हातमोज्यानंच डोळे पुसत होती. मला वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं. अडतीस दिवाळ्यांत एकदा जरी मी माळा मागून झाडला असता तरी या दोन बायका म्हाताऱ्या होताना एकमेकींना दिसल्या असत्या.

पुढचं काम दहा मिनिटांत झालं. आईनं स्वतःची परात परत नेली नाही. "राहू दे इथं," ती म्हणाली, "माझ्यापेक्षा चांगली घासतात." पण देणगी म्हणून नाही. शर्मिष्ठाकडे वस्तू उसनी घेण्याचाही छापील अर्ज होता. त्यात 'मुदत' या रकान्यात काय लिहू, असं तिनं विचारलं. आई म्हणाली, "मी मागेन तेव्हा." शर्मिष्ठानं लिहून घेतलं आणि म्हणाली, "मागायचं मात्र हं, आजी." समिती बसवावी लागली नाही. चंद्रप्रकाशचा मसुदा माझ्या खिशातच राहिला.

उठताना सुशांतनं आपली परात उचलली, तर आईनं ती त्याच्या हातातून काढून घेतली. "रिकामी? रिकामं भांडं परत देतात होय? ठेव. मी भरून आणीन."

"मगे रविवारी भरून हाड," मावशी म्हणाल्या. "पण बेसनाचे लाडू नुको. तुझे पैल्यापासून घशाक चिकटतत."

इतक्या वर्षांनी भेटून हे ऐकलं तरी आई हसली. घरी आल्यावर मात्र म्हणाली, "बघितलंस? तशीच आहे अजून."

रविवारी मालाडला गेलो. परातीत करंज्या होत्या, वर स्वच्छ पंचा, आणि ती आख्खी परात मुलुंडपासून माझ्या मांडीवर. बोलणं सकाळी दहाला सुरू झालं ते संध्याकाळी सहापर्यंत चाललं. मी आणि सुशांतनं क्रिकेट बघितलं, झोप काढली, परत क्रिकेट बघितलं. निघताना मावशींनी खडखडे, म्हणजे गुळातले शेवेचे, लाडू दिले, ते आईनं चहाच्या बशीएवढ्या कागदी पुड्यात बांधून घेतले. मला नवल वाटलं, कारण आमचा स्टीलचा मोठा डबा सोबत होता. चिवडा घालून आणलेला, आता रिकामा झालेला.

रिक्षा मालाडच्या बाजारातून बाहेर पडली तेव्हा माझ्या लक्षात आलं की डबा पिशवीत नाही. "आई, डबा राहिला त्यांच्याकडे! थांब, सुशांतला फोन करून मागतो."

आईनं माझ्या हातातला फोन काढून घेतला आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकला.

"खबरदार मागितलास तर," ती म्हणाली. "मी ठेवलाय तो."